सिव्हिलचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट: टायटलच्या आधी कॅलेंडर उघडा

ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघर, पनवेल, कुठल्याही कॉलेजात जा, सातव्या सेमिस्टरची सुरुवात साधारण सारखीच होते. जुलैत कॉलेज उघडतं, ग्रुप पडतात, गाईड मिळेपर्यंत ऑगस्ट उजाडतो आणि टायटल पक्कं होईपर्यंत गणपती येतात. मग एखादा ग्रुप सांगतो, "सर, आम्ही पावसाच्या पाण्याचा निचरा घेतो." तोवर मोठा पाऊस पडून गेलेला असतो. पुढच्या जूनमध्ये तो परत येईल तेव्हा ही मुलं ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बांधीव अहवाल) जमा करून कॉलेजबाहेर पडलेली असतील. मग दुसऱ्याच्या पेपरातले आकडे उचलून ग्राफ काढले जातात आणि वर्षभराच्या मेहनतीत स्वतःचं मोजमाप एकही नसतं.

हे टाळता येतं. टीईची, म्हणजे इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची, परीक्षा देऊन सुट्टीवर असलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. उदाहरणं पाण्याची आणि पर्यावरणाची जास्त आहेत, कारण ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या सिव्हिलच्या विद्यार्थ्याच्या दारातच खाडी, तलाव, होल्डिंग पॉन्ड (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवणारी तळी), नाले आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत. इतकी मोठी प्रयोगशाळा चालत जाण्याच्या अंतरावर असताना प्रोजेक्ट इंटरनेटवरून उचलू नका.

मे महिन्यात काय ठरवायचं

पाण्याच्या कामाला युनिव्हर्सिटीचं वेळापत्रक लागू होत नाही. आपल्याकडे पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. पाणी कुठे तुंबतं, नाला किती वाहतो, छतावरून किती पाणी मिळतं, असा कुठलाही प्रश्न असेल तर जागा मेमध्ये बघून ठेवा. पर्जन्यमापक जूनच्या आधी गच्चीवर बसलेला हवा आणि नाल्याच्या भिंतीवर पातळीच्या खुणा रंगवून झालेल्या हव्यात. त्यासाठी गाईड मिळायची वाट बघू नका. ज्यांच्याकडे काम करायचं आहे त्या सरांना किंवा मॅडमना सुट्टीतच भेटा. मूल मे महिन्यात प्रश्न घेऊन आलं तर नाही म्हणणारे शिक्षक विरळा.

विसर्जनाचा पाण्यावर होणारा परिणाम हा ठाण्यात दरवर्षी कोणी ना कोणी घेतोच. त्याची तारीख पंचांगात छापलेली असते. विसर्जनाआधीचे नमुने राहून गेले तर तुलना करायला काही उरत नाही, म्हणून पहिला नमुना गणपती बसायच्या आधीचाच हवा. दीड दिवस, पाच दिवस, अनंत चतुर्दशी, आणि त्यानंतर निदान तीन-चार आठवडे दर आठवड्याला एक, असं आखलं तर पाणी पूर्वपदावर यायला किती वेळ लागतो तेही दिसतं. मला स्वतःला मूळ तलावापेक्षा कृत्रिम तलावाचा प्रश्न जास्त आवडतो. त्यातलं पाणी आणि गाळ शेवटी कुठे जातो, तो किती असतो आणि त्याचं काय करता येईल, हे एका ग्रुपला पेलण्याजोगं आहे.

तलावातलं शेवाळ आणि ऑक्सिजन बघायचा असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चांगला. सांडपाणी प्रक्रिया केंद्र बाराही महिने चालतं, तिथे अडतं ते परवानगीपाशी. काँक्रीटला पावसाचं बंधन नाही, पण ताकद तपासण्याआधी थांबाव्या लागणाऱ्या अठ्ठावीस दिवसांचं आहे. म्हणजे हातात ऑगस्ट असेल आणि काहीच ठरलेलं नसेल, तर याच तिन्हींकडे वळा आणि पावसाचा हट्ट सोडा.

टायटल नको, प्रश्न हवा

'ठाणे खाडीच्या पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास' हे टायटल आहे, त्यात प्रश्न नाही. याखाली काहीही मोजलं तरी चालतं, म्हणून नेमकं काय मोजायचं ते शेवटपर्यंत ठरत नाही. तेच असं विचारा: ओहोटीला खाडीत येणाऱ्या अमुक नाल्याचं पाणी भरतीच्या वेळी किती अंतर मागे ढकललं जातं? कचराळी आणि उपवन या दोन तलावांत पहाटेचा विरघळलेला ऑक्सिजन आणि दुपारचा ऑक्सिजन यात किती फरक पडतो? आमच्या सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पातून निघालेलं पाणी बागेला चालेल का?

प्रश्न चांगला आहे की नाही हे ओळखायला माझ्याकडे एक कसोटी आहे. उत्तराचा तक्ता आधी कोरा आखून बघा. आडव्या ओळीत काय, उभ्या रकान्यात काय, एकक कुठलं, किती नोंदी. तक्ता आखता आला नाही तर प्रश्न अजून तयार नाही. आखता आला पण त्यात तीनशे नमुने निघाले, तर तो चौघांच्या आवाक्यातला नाही.

सॉफ्टवेअरवर बारा मजली इमारत डिझाइन करून आणणारे ग्रुप दरवर्षी असतात. त्यातून कमांड येतात, ते उपयोगाचंही आहे. पण जे नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत आपोआप शिकाल त्यासाठी हे वर्ष घालवू नका, असं मला मनापासून वाटतं. नाल्यावर उभं राहून प्रवाह मोजायची सवड पुन्हा मिळेलच असं नाही.

ग्रुप, गाईड, परवानगी

ग्रुप मैत्रीवर पडतो, त्याला इलाज नाही. पण एवढं बघा की पहाटे पाचला साईटवर पोहोचू शकेल असा निदान एक जण जवळ राहणारा असावा. कसाऱ्याहून येणाऱ्या मुलीवर पहाटेच्या सॅम्पलची जबाबदारी टाकू नका. तिने टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्राव घालून लॅबमध्ये मोजणं) आणि नोंदी सांभाळल्या तर काम दोघांचंही होईल. प्रत्येकाने निदान एक चाचणी स्वतःच्या हाताने पहिल्यापासून शेवटपर्यंत केलेली असावी, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ते लगेच कळतं.

गाईडकडे दर आठवड्याला जा, काम झालेलं नसलं तरी. एका पानावर तीन गोष्टी लिहून न्या: काय झालं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय.

परवानगीसाठी एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सहीचं, कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र लागतं. त्यात तारखा, नमुन्यांची संख्या, किती लिटर पाणी घेणार, किती विद्यार्थी येणार हे स्पष्ट लिहा. 'अभ्यासासाठी सहकार्य करावे' एवढ्यावर कोणी काही हलवत नाही. पत्र महापालिकेत दिलं की इनवर्डचा (आवक नोंदीचा) शिक्का मारून ओसी, म्हणजे आपल्याकडे राहणारी प्रत, घ्या आणि फाईल कोणत्या टेबलावर गेली ते विचारून ठेवा. दोन आठवड्यांनी त्याच ओसीचा नंबर घेऊन परत जा. खाडीकाठी कांदळवनात जायचं असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागते. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे विचारल्याशिवाय बाटली बुडवायलाही उतरू नका.

दोन नियम मात्र कुठल्याही परवानगीने बदलत नाहीत. मॅनहोलमध्ये डोकं घालायचं नाही, झाकण कोणी उघडून दिलं तरी नाही. आणि खाडीच्या चिखलात एकट्याने उतरायचं नाही. वरून घट्ट दिसणारा गाळ मांडीपर्यंत घेतो. चेंदणी कोळीवाड्यात किंवा वाशीगावात एखाद्या होडीवाल्या काकांशी आधी बोला, पैसे ठरवा आणि त्यांनी "आज नको" म्हटलं तर त्यांचं ऐका.

नमुना घेताना

प्रोजेक्ट खऱ्या अर्थाने इथे घडतो किंवा बिघडतो, म्हणून जरा सविस्तर.

समजा तुम्ही उपवनचा विरघळलेला ऑक्सिजन मोजताय. पुस्तकात विंकलर पद्धत दोन ओळींत संपते. प्रत्यक्षात ३०० मिलीची काचेची बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणू वापरतात तो ऑक्सिजन) मोजायची बाटली हळूच तिरपी बुडवायची, बुडबुडा राहता कामा नये, आणि काठावरच, तिथल्या तिथे, मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून बूच लावायचं. बाटली उलटसुलट केली की आत तपकिरी साका धरतो. रंग जितका गडद तितका ऑक्सिजन जास्त. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन नाही, हे लॅबमध्ये जायच्या आधीच कळतं. नाल्याच्या तोंडाशी घेतलेल्या बाटलीत असा पांढरा साका पाहिलेला विद्यार्थी प्रदूषण म्हणजे काय ते विसरत नाही. साका धरल्यावर बाटली अंधारात ठेवून कॉलेजात आणा, सल्फ्युरिक ॲसिड घाला आणि सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करा. साध्या बाटलीत पाणी भरून, रिक्षातून हलवत आणून, दुपारी मोजलेला ऑक्सिजन त्या तलावाचा नसतो.

वेळही तितकीच महत्त्वाची. हिरव्यागार तलावात शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री श्वसनासाठी तोच वापरतं. २७ अंशाला गोड्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन साधारण ८ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत राहतो. दुपारी तीनला तुम्हाला ११ किंवा १२ आला तर 'पाणी उत्तम' असं लिहू नका, तो शेवाळाचा आकडा आहे. त्याच जागी सूर्योदयाआधी मोजा. मासे मरतात ते पहाटे मरतात.

बीओडी आपल्याकडे २७ अंशाला तीन दिवसांची करतात. म्हणजे सोमवारी लावलेली बाटली गुरुवारी वाचायची, मंगळवारची शुक्रवारी. गुरुवारी नमुना घेतलात तर वाचन रविवारी येतं आणि लॅबला कुलूप असतं. गणपती, नवरात्र, दिवाळीच्या सुट्ट्यांतही हेच होतं. सेमिस्टर सुरू होताच लॅब असिस्टंटशी बसून नमुन्यांचे वार ठरवून घ्या. लॅबमधल्या काकांना आधी सांगितलेलं असलं की इन्क्युबेटरमध्ये जागा मिळते, ऐनवेळी मिळत नाही.

खाडीच्या पाण्याचा आणखी एक फास आहे. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने ऑक्सिडाइज करायला लागणारा ऑक्सिजन, काढताना पोटॅशियम डायक्रोमेट सेंद्रिय पदार्थांबरोबर क्लोराइडही ऑक्सिडाइज करतं. एक मिलिग्रॅम क्लोराइड हिशेबाने ०.२२६ मिलिग्रॅम ऑक्सिजनइतका सीओडी दाखवतं. खाडीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५००० मिलिग्रॅम असेल तर नुसत्या मिठाचा खोटा सीओडी ११०० च्या वर जाऊ शकतो. मर्क्युरिक सल्फेट घालून हे काही प्रमाणात दाबता येतं, पण क्लोराइड २००० च्या पुढे गेलं की नेहमीच्या पद्धतीवर भरवसा ठेवू नये. समुद्राच्या पाण्यात ते १९००० च्या आसपास असतं. म्हणून खाडी किंवा होल्डिंग पॉन्ड घेतलं असेल तर प्रत्येक नमुन्यात आधी क्लोराइड मोजा आणि मग सीओडी करायचा की नाही ते ठरवा. मर्क्युरी वापरलीत तर तो द्राव बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा. पाण्याच्या प्रदूषणाचा अभ्यास करताना पारा नाल्यात सोडणं हे शोभणारं नाही.

भरती-ओहोटीची नोंद नसलेला खाडीचा नमुना वापरता येत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यातून वेळा घ्या. जुने कोळी तिथीला पाऊणने गुणतात: अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशेब ढोबळमानाने बसतो, खाडीत आत ठाण्याकडे भरती थोडी उशिरा पोहोचते. हा उशीर किती, हाच एक छान छोटा प्रश्न आहे. नमुने उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) घ्यायचे की भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला), हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

सांडपाणी केंद्रात वेगळी अडचण येते. नवी मुंबईतल्या बऱ्याच केंद्रांत एकाच टाकीत भरणं, हवा सोडणं, गाळ बसू देणं आणि वरचं पाणी काढून घेणं आळीपाळीने चालतं. तिथे इनलेट आणि आउटलेटची बाटली एकाच वेळी भरली तर दोन्ही पाण्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. ऑपरेटर दादांना सायकलच्या वेळा विचारा आणि निवळलेलं पाणी बाहेर पडत असतानाच आउटलेटचा नमुना घ्या.

आकडे आले की तुलना कशाशी करायची? तलावाच्या पाण्याला सरसकट आयएस १०५०० लावतात, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं मानक. ठाण्याच्या मासुंदा तलावाचं पाणी कोणी पीत नाही. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष आहेत, ऑक्सिजन निदान ५ आणि बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, ते लावा. खाडीसाठी किनारी पाण्याचे वेगळे वर्ग आहेत. मानक निवडल्यावर तेच का निवडलं हे दोन ओळींत लिहा.

होल्डिंग पॉन्डचा हिशेब

नवी मुंबईचे बरेच नोड (उपनगरं) भरतीच्या पातळीपेक्षा खाली, भराव टाकून वसवलेले आहेत. भरती आली की गटारांच्या तोंडाचे फ्लॅप गेट (पाण्याच्या दाबाने मिटणारी झडपं) मिटतात, पावसाचं पाणी पॉन्डमध्ये साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. त्यातल्या काही पॉन्डमध्ये आता गाळ साचलाय आणि कांदळवन वाढलंय. गाळ काढायचा की कांदळवन जपायचं, या वादात आकडे फार थोडे लोक मांडतात. तुम्ही मांडू शकता.

पावसाचा प्रवाह काढायच्या रॅशनल पद्धतीने, पाणलोट १०० हेक्टर, वाहून जाण्याचा गुणांक ०.७, पाऊस ताशी ५० मिलिमीटर. तिघांचा गुणाकार करून ३६० ने भागा: सेकंदाला जवळपास ९.७ घनमीटर पाणी. गेट तीन तास बंद राहिलं आणि पाऊस तसाच कोसळत राहिला तर सुमारे १,०५,००० घनमीटर. पॉन्ड १० हेक्टरचा असेल तर त्याची पातळी मीटरभर वाढते. आता अर्धा मीटर गाळ धरा, ५०,००० घनमीटर जागा गेली. कोणता सेक्टर आधी बुडेल ते समपातळी रेषांवरून दिसतं. एवढाच हिशेब एका खऱ्या पॉन्डसाठी, स्वतः लेव्हल घेऊन आणि गाळाची खोली काठीने मोजून केलात, तर तो उत्तम प्रोजेक्ट आहे. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा प्रत्येक बुकात असतो. त्याऐवजी तुमच्या गच्चीवरच्या मापकाचा एका तासाचा सर्वांत मोठा आकडा घाला, तोच इथे कामाचा आहे.

काँक्रीट घेतलंत तर

क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, मोजा. पाच मिक्स, ७ आणि २८ दिवस, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे तीस. १५० मिलिमीटरचा एक क्यूब आठ किलोच्या वर भरतो, तीस क्यूबचं काँक्रीट अडीचशे किलो. साधारण एक गोणी सिमेंट आणि बाकी खडी-रेती. लॅबमधले साचे बारा असतील तर एका दिवसात बाराच ओतता येतात, आणि ते दुसऱ्या दिवशी सुटल्यावर पुढचे. क्युरिंग टँकमध्ये (क्यूब पाण्यात भिजत ठेवायच्या टाकीत) इतर ग्रुपचेही क्यूब असतात, म्हणून तारीख आणि मिक्सचं नाव ऑइल पेंटने लिहा, मार्कर पाण्यात टिकत नाही. तीनपैकी एखादा क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांपलीकडे गेला तर तो संच बाद होतो आणि पुन्हा २८ दिवस लागतात. त्यामुळे शेवटचं कास्टिंग फेब्रुवारी संपायच्या आत.

आपल्याकडे डेब्रिजचे (पाडलेल्या बांधकामाच्या राड्यारोड्याचे) ढीग खाडीकाठी पडलेले दिसतात, त्यातून खडी बनवण्याचा विषय म्हणून जवळचा आहे. आयएस ३८३ ची २०१६ ची आवृत्ती जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आणि सळईच्या काँक्रीटमध्ये एम २५ या ताकदीच्या ग्रेडपर्यंतच, २० टक्क्यांपर्यंत चालवते. ही खडी पाणी खूप शोषते. आधी भिजवून पृष्ठभाग कोरडा केला नाही तर पाणी-सिमेंट प्रमाण कागदावर एक आणि मिक्सरमध्ये दुसरंच होतं.

ब्लॅक बुक आणि व्हायवा

बुक मार्चमध्ये लिहायला घेऊ नका. पद्धतीचं प्रकरण काम चालू असतानाच लिहा, कारण बाटली किती वाजता भरली ते नंतर आठवत नाही. महापालिकेचे पर्यावरण सद्यस्थिती अहवाल आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मासिक आकडे लिटरेचर सर्वेमध्ये जरूर वापरा, पण तक्त्यात तुमचे आणि त्यांचे आकडे वेगवेगळे दिसले पाहिजेत. दुसऱ्याचं वाक्य बदलून लिहिण्यापेक्षा वाचून, पान मिटून, स्वतःच्या शब्दांत लिहा. प्लेजरिझमची भीती राहत नाही.

फील्डची वही जपून ठेवा. पेनने लिहिलेली, खाडाखोड असलेली, पाण्याचे डाग पडलेली वही एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) ठेवली की अर्धे प्रश्न तिथेच संपतात. उरलेले प्रश्न साधे असतात: हा आकडा कोणी मोजला, किती वेळा, वेगळा आला तेव्हा काय केलं? न जुळणारा आकडा खोडू नका. त्या दिवशी पाऊस होता, भरती होती की बाटलीत बुडबुडा राहिला, हे लिहा. अनुमानात फक्त तेवढंच सांगा जेवढं तुमच्या नमुन्यांनी दाखवलं. सहा नमुन्यांवरून 'ठाण्यातले सर्व तलाव प्रदूषित आहेत' असं म्हणता येत नाही.

व्हायवा झाल्यावर दोन पानांचा सारांश मराठीत काढा, त्यात तक्ता आणि नकाशा असू द्या. ज्या कार्यालयाने परवानगी दिली तिथे तो इनवर्ड करा, ऑपरेटर दादांना आणि होडीवाल्या काकांना एकेक प्रत द्या, आणि मूळ आकड्यांची फाईल लॅबमध्ये ठेवून जा. पुढच्या वर्षीच्या ग्रुपला जूनआधीच सुरुवात करता येईल.